सहाशे चाळीस शेळ्या आणि न मोजलेली पिल्लं

मी विमानात बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ऑफिसात आम्ही तिघं आहोत आणि त्यांतल्या दोघांनी विमान आतून पाहिलेलं नाही. तरीसुद्धा गेली दीड वर्षं परभणीत वसमत रोडला, एका खताच्या दुकानावरच्या खोलीत बसून, जगातली मोठमोठी मालवाहू विमानं एकमेकांशेजारी मांडायची आणि कुणाचा माल कोणत्या विमानानं न्यावा हे सांगायचं, असं आमचं काम आहे. परभणीला विमानतळ नाही. वरून एखादं विमान जातं, त्याचा आवाज येतो, तेवढाच आमचा संबंध.

दिवाळी अंकासाठी शिकता शिकता नोकरी करणाऱ्यांनी लिहावं, असं आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं आणि कोण कुठं काम करतं ते विचारलं. कुणी मेडिकलवर, कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी शिकवणीत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, विमानं. वर्ग हसला. मॅडमनी मला परत विचारलं. म्हणून आधी काम काय आहे ते सांगते. नीट जमेल का माहीत नाही, आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरतीच.

ऑफिस फारुकभाईंचं. ते परभणीचेच, पण बावीस वर्षं आखातातल्या एका विमानतळावर माल चढवण्याच्या खात्यात होते. परत आल्यावर त्यांनी हे काम सुरू केलं. ज्यांना पूर्ण विमान भाड्यानं पाहिजे असतं, ते परदेशातल्या एका दलाल कंपनीला विचारतात. ती कंपनी आम्हाला कळवते की माल इतका, लांबी-रुंदी-उंची इतकी, इथून तिथं न्यायचाय. आम्ही संध्याकाळपर्यंत तुलनेचं शीट पाठवतो. दुसरे दत्तराव, मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगात पंधरा वर्षं वजनकाट्यावर होते. सगळं जग ते अजून क्विंटलमध्ये मोजतात. एका विमानाच्या इंजिनाचं वजन त्यांनी क्विंटलमध्ये काढून पार्टीला पाठवलं होतं, तेव्हा फारुकभाई दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की यात काय, मोठा माल म्हणजे मोठं विमान. फारुकभाईंनी विचारलं, ट्रॉलीत कापूस भरला तर आधी काय संपतं, जागा का वजन? मी म्हणाले, जागा. आणि ज्वारीची पोती भरली तर? वजन. ते म्हणाले, झालं, निम्मं काम शिकलीस. दोन मजल्यांचं जे अवाढव्य प्रवासी विमान आहे, त्याचं मालवाहू रूप कधी वापरात आलंच नाही, त्यातही हा हिशेब होता. त्यात जागा भरपूर, पण ती भरेपर्यंत वजनाची हद्द आधी येते, आणि वरच्या मजल्यावर माल चढवायचा तर वेगळं यंत्र लागतं.

बाकीचं निम्मं काम दारांचं. सातशे सत्तेचाळीस हे चार इंजिनांचं जुनं घराणं. त्याचं नाक वर उघडतं आणि लांबच लांब पाइप समोरून सरळ आत जातो. पण वैमानिक त्या दाराच्या डोक्यावर बसतात, म्हणून नाकाचं दार बुटकं. उंच खोकं कुशीतल्या, म्हणजे बाजूच्या, दारानंच न्यावं लागतं. ट्रिपल सेव्हनला इंजिनं दोनच, तेल कमी पितं, कुशीचं दार चांगलं मोठं, पण नाक उघडत नाही. आणि एक एकशे चोवीस म्हणून आहे, ते सगळ्यांत रुबाबदार. पुढून मागून उघडतं, माल घ्यायला उंटासारखं पुढचे पाय मुडपून वाकतं. पण त्याच्या माल ठेवायच्या भागात हवेचा दाब कमी असतो, म्हणून त्यात जिवंत काही घालताना शंभर वेळा विचार करायचा.

हे आकडे डोक्यात बसेनात म्हणून फारुकभाईंनी मला चुना दिला आणि नाकाचं आणि कुशीचं, अशी दोन्ही दारं खऱ्या मापात काढायला सांगितली. खोलीत ती मावली नाहीत. मग खताच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर काढली. दुकानमालकानं विचारलं की भिंतीत एवढं दार कुणाला विचारून पाडायलेत. आठ दिवस दुकानात येणारे शेतकरी मागं जाऊन ते दार बघून येत. एकानं हातानं माप घेऊन मला सांगितलं की यातून मळणीयंत्र जाईल, पण चाकं काढावी लागतील. ते उत्तर बरोबर होतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक असतात. एकाला ते सहा इंजिनांचं, जगात एकच असलेलं विमान पाहिजे होतं. ते युद्धात जळालं, असं मी कळवलं. त्यानं विचारलं, मग दुसरं कधीपर्यंत मिळेल. एका बाईंनी लग्नासाठी काचेचा मंडप पाठवायचा म्हणून तीनदा माप पाठवलं आणि तीनदा ते वेगळं आलं. शेवटी कळलं की दरवेळी मंडपाबरोबर त्या टेबलही मोजत होत्या, आणि टेबलं वाढत होती. दत्तराव म्हणाले, पाहुणे वाढायलेत, आपण काय करणार.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

ही गोष्ट मी कामाला लागल्यानंतर चार महिन्यांची. त्या दलाल कंपनीनं आम्हाला तीन महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं. काम पटलं तर वर्षाचा करार, नाही तर फारुकभाई खोली रिकामी करणार, हे त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. चाचणी संपायला पंधरा दिवस राहिले आणि एक चौकशी आली. दक्षिण आफ्रिकेतून मलेशियाला पैदाशीच्या शेळ्या न्यायच्या. सहाशे चाळीस शेळ्या, पिल्लांसह.

फारुकभाईंनी विचारलं, जनावरांचं कुणाला कळतं? मी हात वर केला. एरवी मी वर्गातही हात वर करत नाही. पण आमचं घर ताडकळसचं, मेंढरं-शेळ्या पाळणारं. आबा आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात आणि शेळ्या माय बघते. मला वाटलं, या एका विषयात तरी मला कुणाला विचारावं लागणार नाही.

दोन दिवस मी जीव लावून शीट केलं. जनावरांना विमानात दुमजली-तिमजली पिंजऱ्यांतून नेतात. किती न्यायची हे जागेवर आणि वजनावर तर ठरतंच, पण श्वासावरही ठरतं. प्रत्येक जनावर ऊब सोडतं, वाफ सोडतं, आणि विमानाची हवा खेळवायची ताकद ठरलेली असते. मी पिंजरे मांडले. खाली एक मजला, वर एक मजला, आणि सहाशे चाळीस शेळ्या ट्रिपल सेव्हनमध्ये अगदी बेतानं बसल्या. दोन इंजिनं, खर्च कमी. लांब अंगाचं सातशे सत्तेचाळीसही उपलब्ध होतं, पण कशाला पाहिजे, असं मी कारणांसकट लिहिलं. फारुकभाईंनी वाचलं, मान डोलावली, शीट गेलं. पार्टीला आवडलं. दोन्ही विमानं चार दिवस राखून ठेवली होती, चौथ्या दिवशी दुपारी बारापर्यंत एक पक्कं करायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरचा मेल आला. साधा प्रश्न होता. पिल्लांच्या मजल्याला बारीक जाळी आहे ना, लहान खूर मोठ्या जाळीतून खाली जातात.

पिल्लांचा मजला.

हे इथं समजावून सांगायला पाहिजे, नाही तर मी किती बिनडोक आहे असं वाटेल. आमच्याकडं पिल्लं मोजत नाहीत. बाजारात व्यालेली शेळी विकली तर ती एक शेळी. पिल्लू मायच्या मागं चालत येतं, ते काही वेगळं जनावर नाही. कुणी विचारलं, किती आहेत, तर माया, म्हणजे आयाच, सांगायच्या. शिवाय दुधावरची पिल्लं मोजली की नजर लागते, असं माय मानते. लहानपणी मी एकदा मोजली होती तर मला पाठीत धपाटा बसला होता. फॉर्मवर 'जनावरं किती' असा एकच रकाना होता. मी सहाशे चाळीस लिहिलं आणि माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही.

खरं सांगते, तो मेल वाचल्यावर मी अर्धा तास कुणाला सांगितलं नाही. माउस पुसला. माठ भरला. दत्तरावांना विचारलं चहा सांगू का. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते, कारण वेळ तेवढाच तर होता. मग फारुकभाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "म्हणजे बेटा, आपण सहाशे चाळीस आया पाठवतोय आणि लेकरं विमानतळावर ठेवतोय."

मी हौ म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी लगेच तिकडच्या फार्मच्या माणसाला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला. फारुकभाईंनी इंग्रजीत विचारलं, पिल्लं किती आहेत. मग त्या माणसानं शांतपणे सांगितलं की मोजलेली नाहीत, ती कोण मोजतं, मायांच्या मागं येतील. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण त्या वेळी तो मला आमच्या गल्लीतला वाटला. फारुकभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू त्याला मीच शिकवून ठेवलंय. शेळ्या डोंगरावर पसरलेल्या, सगळ्या खाली आणून मोजायला आठवडा लागेल, असंही त्यानं सांगितलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी बारापर्यंत सांगायचं होतं.

तिघांनी मिळून पिंजरे परत मांडले. आयांच्या डोक्यावर पिल्लांचा तिसरा मजला करायचा. ट्रिपल सेव्हनमध्ये त्या मजल्यावर फार तर आठशे पिल्लं. त्याहून जास्त असतील तर लांब अंगाचं सातशे सत्तेचाळीसच पाहिजे. म्हणजे प्रश्न एवढाच होता, आठशेच्या आत का बाहेर.

दत्तराव म्हणाले, एका शेळीला एक पिल्लू धरा, सहाशे चाळीस होतात. आधीचं शीट तसंच राहतं, पार्टी खूश, करार आपला. त्यांचंही चुकीचं नव्हतं. तीनच दिवसांपूर्वी ज्या विमानाची आम्ही पानभर तारीफ केली, तेच आज नको म्हणायचं, तेही चाचणीच्या शेवटी. पण मला घरची शेरडं दिसायला लागली. एकेकीखाली दोन-दोन ढुशा मारणारी.

मी म्हणाले, मायला विचारू का.

फारुकभाई म्हणाले, लाव फोन.

मायनं फोन उचलला तेव्हा मागं शेळ्यांचा आवाज येत होता.

"माय, एक इचारायचं होतं. सहाशे चाळीस शेरडं हायेत."

"कुणाची?"

"आफ्रिकेतली."

"इकायलेत का?"

"न्हाई. इमानात न्यायलेत."

"कामून? चालत्या न्हाईत का?"

दत्तराव तोंडावर रुमाल धरून खिडकीकडं वळले. मी विचारलं की त्यांच्यामागं पिल्लं किती असतील. मायनं मला सगळ्यांसमोर सुनावलं की पिल्लं मोजत न्हाईत पोरी, एवढं शिकून तुला कळंना का. आणि परक्याची तर मुळीच न्हाईत, त्यांना काही झालं तर लोक आपल्या नावानं बोलतील.

फारुकभाईंनी फोन हातात घेतला. सलाम केला, मायला ताई म्हणाले, आणि विमानाचं काही न बोलता एवढंच म्हणाले की जागा कमी पडली तर पिल्लं तिकडंच राहतील आणि आया इकडं येतील, म्हणून विचारतोय.

माय लगेच म्हणाली, "आसं कसं? दूध पिती लेकरं हायेत ती." मग म्हणाली, "मोजत न्हाई म्या. अंदाज सांगते. दात सांगा."

फारुकभाई माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं फोन खराब झाला. मी डॉक्टरच्या दाखल्याचा कागद पुढं केला. शेळीचं वय दातांवरून कळतं आणि दाखल्यात तेच लिहिलेलं होतं. दोन दाती दोनशे दहा, चार दाती अडीचशे, सहा दाती एकशे ऐंशी. फारुकभाईंनी ते गंभीर आवाजात वाचून दाखवलं.

मायचा हिशेब असा होता. दोन दाती म्हणजे पहिलं वेत, एकच पिल्लू. चार दाती आणि सहा दातीला दोन-दोन. सहा दातीतल्या दहा-बाराला तीन. आणि शंभरामागं सात-आठ पिल्लं जगत नाहीत, ती वजा. मग ती मनाशी पुटपुटली आणि म्हणाली, "पन्नास कोड्या धरा." कोडी म्हणजे वीस. दत्तरावांनी कॅल्क्युलेटरवर तेच केलं, त्यांचं नऊशे पंच्याण्णव आलं. ते मायला पाच कमी करून सांगायला लागले, तर ती म्हणाली की मशीनला शेरडाचं काय कळतंय.

फोन ठेवल्यावर फारुकभाई मला म्हणाले, "शीट तुझं आहे, बेटा. तू काय लिहितेस?"

मी मायचा हिशेब कागदावर परत मांडून बघितला. तेवढ्यात माझी ताडकळसची एक गाडी निघून गेली असेल. मग मी म्हणाले, माय सांगते ते लिहिते.

नवीन शीट केलं. पिल्लं अंदाजे एक हजार, विमान सातशे सत्तेचाळीस, आधीची चूक आमची. शीटमध्ये 'माहितीचा स्रोत' असा एक रकाना असतो, तो रिकामा ठेवता येत नाही. मी थांबले. फारुकभाईंनी सांगितलं, लिही, 'क्षेत्रातील तज्ज्ञ, ताडकळस'.

अर्ध्या तासात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. ते चिडले होते, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. त्यांनी विचारलं की हे तज्ज्ञ कोण. फारुकभाईंनी सांगितलं, तीस वर्षांचा अनुभव, सगळा प्रत्यक्ष कळपावरचा. साहेबांनी विचारलं, कोणत्या विद्यापीठाचे. फारुकभाई म्हणाले की ते सल्ल्याचे पैसेसुद्धा घेत नाहीत. शेवटी साहेब म्हणाले की ठीक आहे, मोठं विमान पक्कं करतो, पण चढवताना पिल्लं आठशेच्या आत निघाली तर तुमच्याकडं यापुढं एकही चौकशी येणार नाही.

पुढचे सात दिवस मी कॉलेजात होते एवढंच, प्रॅक्टिकलमध्ये काय केलं ते आठवत नाही. बसमध्ये बाहेर शेळी दिसली की माझी नजर आधी तिच्या कासेकडं आणि मग मागं किती चालतात तिकडं जायची. नजर लागते म्हणून मग मी डोळे मिटून घ्यायचे. घरी माय रोज विचारायची, गेली का गं शेरडं. तिला कराराचं काही सांगितलेलं नव्हतं. तिला फक्त आया आणि पिल्लं एकत्र जातात का एवढंच बघायचं होतं.

आठव्या दिवशी दुपारी तिकडून आकडा आला. शेळ्या सहाशे चाळीस. पिल्लं नऊशे सत्याऐंशी.

दत्तरावांनी पेढे सांगितले आणि ते येईपर्यंत दोनदा खाली जाऊन दुकानमालकालाही सगळं सांगून आले. फारुकभाईंनी नुसता कागदावर आठशेचा आकडा लिहून त्यावर रेघ मारली. साहेबांचा मेल संध्याकाळी आला, त्यात कराराचा कागद होता आणि एक ओळ होती की यापुढं त्यांच्या सगळ्या फॉर्मवर 'पिल्लं किती' असा वेगळा रकाना राहील. तो रकाना आता जगभर कुठंकुठं जातो. तो माझ्या चुकीतून आला, हे फॉर्मवर लिहिलेलं नाही, ते बरंच आहे.

मी लगेच मायला फोन केला. वाटलं, ती खूश होईल. नऊशे सत्याऐंशी ऐकून ती म्हणाली, "तेरा कुठं गेली?"

मी म्हणाले, माय, अंदाज होता तो. ती म्हणाली, अंदाज माझा हाय, पिल्लं त्यांची हायेत, मायांखाली निजली आसतील, परत बघा म्हणावं. मी हे हसत हसत फारुकभाईंना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी तसाच्या तसा मेल तिकडं पाठवला, की तज्ज्ञांच्या मते पिंजऱ्यांत परत एकदा बघावं.

दुसऱ्या दिवशी विमान उडायच्या आधी उत्तर आलं. चार पिल्लं आयांच्या मजल्यावर चाऱ्यात झोपलेली सापडली होती. एकूण नऊशे एक्क्याण्णव.

मी घरी पोचले तेव्हा माय धार काढत होती. मी तिला सांगितलं. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं.

"अजून नऊ हायेत," ती म्हणाली.